सिडनी ऑपेरा हाउस : इतिहास आणि बांधणी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिडनीच्या बंदरात, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या एका टोकावर उभी असलेली ही इमारत छायाचित्रातून सर्वांच्या परिचयाची आहे. छायाचित्रात दिसते ते मात्र बहुतेक तिचे छत. ते छत कशावर उभे आहे, कोणत्या हिशेबाने उभे राहिले आणि त्यापायी आतल्या रंगमंचांना काय सोसावे लागले, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. पुढील उत्तरांचा भर त्यावर आहे.

येथे फक्त ऑपेराच सादर होतो का?

नाही. ऑपेरा म्हणजे आपल्याकडच्या संगीत नाटकाचा दूरचा नातेवाईक. फरक एवढाच की त्यातले संवादही बहुतांशी गायले जातात. ‘ऑपेरा हाउस’ हे नाव पडले असले तरी ही इमारत अनेक प्रेक्षागृहांचा समूह आहे. सर्वांत मोठ्या छताखाली वाद्यवृंदाचे ‘कॉन्सर्ट हॉल’ आहे, त्याच्या शेजारच्या छताखाली ऑपेरा आणि बॅले यांसाठीचे सुमारे १,५०० आसनांचे ‘जोन सदरलँड थिएटर’ आहे. नाटकांची लहान प्रेक्षागृहे खालच्या चौथऱ्याच्या पोटात आहेत. सगळ्यात मोठ्या सभागृहात ऑपेरा होत नाही, ही विसंगती अनेकांना खटकते; तिचे कारण पुढे येईल.

या जागेवर पूर्वी काय होते?

गाडिगल या मूळ रहिवाशांच्या भाषेत या टोकाचे नाव तुबोगुली असे होते. आजचे बेनेलाँग पॉइंट हे नाव वांगल कुळातील बेनेलाँग या गृहस्थांवरून पडले. इंग्रज वसाहतीचे पहिले गव्हर्नर आर्थर फिलिप यांनी १७९० मध्ये त्यांच्यासाठी येथे विटांची खोली बांधून दिली होती. पुढे येथे फोर्ट मॅक्वेरी हा किल्ला उभा राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो पाडून तेथे ट्रामगाड्यांचे आगार बांधण्यात आले, आणि १९५८ मध्ये तेही पाडले गेले.

शहराला स्वतःचे ऑपेरागृह असावे हा ध्यास यूजीन गूसेन्स यांचा. ते सिडनीच्या वाद्यवृंदाचे संचालक आणि तेथील संगीत विद्यालयाचे प्रमुख होते. वाद्यवृंदाला नगरभवनाच्या सभागृहात वाजवावे लागे आणि ऑपेराला धड रंगमंचच नव्हता. गूसेन्स यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून ही मागणी लावून धरली, हेच टोक योग्य असा आग्रह धरला, आणि १९५४ मध्ये न्यू साउथ वेल्स राज्याचे मुख्यमंत्री जोसेफ केहिल यांनी ती उचलून धरली.

आराखड्याची निवड कशी झाली? नाकारलेल्या चित्रांच्या ढिगातून तो उचलला गेला, हे खरे आहे का?

राज्य सरकारने जागतिक स्पर्धा जाहीर केली. २३३ आराखडे आले. २९ जानेवारी १९५७ रोजी निकाल लागला आणि ५,००० पौंडांचे पहिले पारितोषिक डेन्मार्कच्या यॉर्न उत्झन या ३८ वर्षांच्या वास्तुविशारदाला मिळाले. त्यांचे नाव तोवर त्यांच्या देशाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. त्यांनी ही जागाही पाहिलेली नव्हती; सागरी नकाशे आणि छायाचित्रे यांवरून त्यांनी ती समजून घेतली. त्यांचे वडील जहाजांचे रचनाकार होते, त्यामुळे वाकवलेल्या पृष्ठभागांची आणि बोटीच्या पोटासारख्या आकारांची नजर घरातूनच आलेली होती.

परीक्षकांपैकी ईरो सारिनेन हे विख्यात वास्तुविशारद उशिरा पोहोचले आणि उत्झन यांच्या आराखड्याचे ते मोठे पुरस्कर्ते ठरले, एवढे निश्चित. त्यांनी तो आराखडा रद्द ठरवलेल्या गठ्ठ्यातून बाहेर काढला, ही कथा फार लोकप्रिय आहे. पण तिला भक्कम पुरावा नाही आणि ती दंतकथा समजूनच ऐकावी. परीक्षकांचा अहवाल मात्र प्रामाणिक होता. चित्रे इतकी साधी आहेत की ती नुसत्या रेखाकृती वाटतात, तरीही यातून जगातील एक थोर इमारत होऊ शकते, अशा आशयाचे मत त्यांनी नोंदवले.

त्या साधेपणातच पुढच्या सोळा वर्षांची अडचण दडलेली होती. कागदावर मुक्तहस्ताने काढलेल्या त्या वक्ररेषांना कोणतेही गणित नव्हते.

उत्झन यांची मूळ कल्पना इतरांपेक्षा वेगळी कशात होती?

जागा चिंचोळी होती आणि दोन सभागृहे हवी होती. स्पर्धकांना साहजिकच ती एकापुढे एक ठेवावीशी वाटली. उत्झन यांनी ती शेजारी शेजारी ठेवली, दोहोंची तोंडे बंदराकडे केली, आणि रंगमंच शहराच्या बाजूला ठेवून आसने पाण्याच्या दिशेने चढत नेली. प्रेक्षकाने रुंद पायऱ्या चढून चौथऱ्यावर यावे, रंगमंचाला वळसा घालून पाण्याकडच्या दालनात जावे आणि मग आपल्या आसनावर बसावे, असा तो क्रम आहे. मोटारी, सामान, कार्यशाळा, कलाकारांच्या खोल्या हे सारे चौथऱ्याच्या आत.

ही मांडणी फार सुंदर आहे, आणि तिची किंमतही आहे. दोन सभागृहे शेजारी आली की रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना विंगेसाठी जागा उरत नाही. नाटकाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना विंग नसणे म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. एका अंकाचा देखावा बाजूला सरकवून दुसरा आत आणायचा कोठून? उत्झन यांचे उत्तर असे होते की देखावे बाजूने न येता तळघरातून उद्वाहकावर वर येतील.

भव्य पायऱ्यांखाली खांब कसे नाहीत?

उत्झन १९४९ मध्ये मेक्सिकोला गेले होते आणि तेथील माया लोकांच्या मंदिरांचे चौथरे त्यांच्या मनात ठसले होते. जंगलाच्या पर्णभारातून पायऱ्या चढून चौथऱ्यावर आले की एकदम मोकळे आकाश दिसते, हा अनुभव त्यांना येथे हवा होता. त्या पायऱ्यांखालून मोटारी जाणार होत्या आणि तेथे मध्ये खांब नकोत, अशी त्यांची अट होती.

अभियंते ओव्ह अरुप यांच्या कार्यालयाने जवळजवळ ४९ मीटर लांबीच्या काँक्रीटच्या तुळया योजल्या. कागदाला एक-दोन घड्या घातल्या की तो वाकत नाही, त्याच न्यायाने सपाट लादीला दुमडून ताकद आणलेली आहे. तुळईचा छेद सगळीकडे सारखा नाही. जेथे वरचा भाग दाबला जातो तेथे काँक्रीट वर आहे, जेथे खालचा भाग दाबला जातो तेथे ते खाली उतरते, आणि मधल्या अंतरात एक आकार हळूहळू दुसऱ्यात वळतो. आत पोलादी तारा ताणून बसवल्या आहेत. खाली उभे राहून वर पाहिले तर हा बदल डोळ्यांना स्पष्ट दिसतो. छताच्या प्रसिद्धीमुळे या तुळयांकडे फार थोडे लोक पाहतात. माझ्या मते संपूर्ण इमारतीत याहून निर्मळ अभियांत्रिकी दुसरी नाही.

पैसा कोठून आला?

लॉटरीतून. केहिल यांच्या सरकारने ऑपेरा हाउससाठी खास सोडती सुरू केल्या. पहिली १९५८ च्या जानेवारीत निघाली आणि पुढे एकूण ४९६ सोडती झाल्या. मूळ अंदाज ३५ लाख पौंडांचा होता. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाने डॉलर स्वीकारला, त्या हिशेबाने ही रक्कम ७० लाख डॉलर होते. प्रत्यक्ष खर्च १० कोटी २० लाख डॉलरवर गेला, म्हणजे चौदा पटींहून अधिक. यातील बहुतांश भार लॉटरीनेच उचलला.

या लॉटरीच्या इतिहासाला एक काळी किनार आहे. विजेत्यांची नावे आणि पत्ते वर्तमानपत्रांत छापले जात. १९६० मध्ये १ लाख पौंडांचे बक्षीस मिळालेल्या एका कुटुंबातील आठ वर्षांच्या मुलाचे खंडणीसाठी अपहरण झाले आणि त्याचा खून झाला. त्यानंतर विजेत्यांना आपले नाव गुप्त ठेवण्याची मुभा देण्यात आली.

आराखडे पूर्ण नसताना बांधकाम का सुरू केले?

राजकारणाच्या भीतीने. केहिल यांचा या इमारतीवर जीव होता, परंतु निवडणूक गेली किंवा लोकमत फिरले तर ती कधीच उभी राहणार नाही, हे त्यांना कळत होते. एकदा चौथरा जमिनीतून वर आला की कोणालाही मागे फिरता येणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. २ मार्च १९५९ रोजी कामाला प्रारंभ झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केहिल यांचे निधन झाले. इमारत १९६३ च्या जानेवारीत पूर्ण होईल असे तेव्हा धरले होते.

केहिल यांचा हिशेब चुकला नाही; ही घाई नसती तर आज ही इमारत नसती, असे म्हणायला जागा आहे. परंतु स्थापत्याच्या दृष्टीने तो उलटा क्रम होता. छताचा आकार ठरलेला नाही, म्हणून वजन ठरलेले नाही. वजन ठरलेले नाही, तरी ते पेलणारे खांब ओतायचे. त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. जानेवारी १९६१ पर्यंत काम ४७ आठवडे मागे पडले होते. चौथरा १९६३ च्या आरंभी पुरा झाला, तेव्हा छत अंतिम स्वरूपात पूर्वीपेक्षा बरेच जड झाले होते आणि आधी बांधलेले खांब त्याला पुरे पडणार नव्हते. ते फोडून नव्याने बळकट करावे लागले. पाया म्हणून ५८८ काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवलेले आहेत; त्यांपैकी काही समुद्रसपाटीखाली २५ मीटरपर्यंत जातात.

छताचा नेमका प्रश्न कोणता होता, आणि तो कसा सुटला?

हा या इमारतीचा गाभा असल्याने उत्तर थोडे लांबते.

उत्झन यांच्या मूळ चित्रात छत पातळ, बसके आणि मुक्त आकाराचे होते. काँक्रीटचे पातळ कवच स्वतःच्या वक्रतेने उभे राहू शकते, पण त्यासाठी तो वक्र बलांच्या वाटेशी जुळणारा असावा लागतो. हातात अंड्याचे कवच धरून त्याला टोकावर दाबले तर ते टिकते, कडेला दाबले तर तुटते. उत्झन यांची शिडे, म्हणजे छताचे जहाजाच्या शिडासारखे दिसणारे भाग, टोकदार होती, एका बाजूने उघडी होती आणि थोड्याशा जागेवर टेकलेली होती. त्यामुळे वारा आणि स्वतःचे वजन यांनी त्यांत प्रचंड वाक निर्माण होत असे.

१९५७ ते १९६१ या काळात अरुप यांच्या लंडनच्या कार्यालयाने आणि उत्झन यांनी मिळून किमान बारा पर्याय तपासले. आधी अन्वस्त (फेकलेल्या चेंडूच्या वाटेसारखा वक्र) घेतले, मग लंबगोलावर आधारलेले आकार घेतले, पोलादी सांगाड्यावर दोन पातळ कवचे चढवण्याचाही विचार झाला. इमारतीच्या रचनेची गणिते संगणकावर सोडवण्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत या कामाची गणना होते. हातांनी ती सोडवायला अनेक वर्षे गेली असती. आकडे जुळत होते, पण एक अडचण जात नव्हती. प्रत्येक कवचाचा वक्र वेगळा, आणि एकाच कवचात प्रत्येक बिंदूचाही वेगळा. म्हणजे प्रत्येक तुकड्यासाठी नवा साचा बनवायचा, तो एकदा वापरायचा आणि फेकून द्यायचा. तेवढा पैसा कोणत्याही लॉटरीतून उभा राहिला नसता.

१९६१ मध्ये उत्झन यांना उत्तर सापडले. कवचांच्या प्रतिकृती एकात एक रचून ठेवताना त्यांच्यातील साम्य त्यांच्या लक्षात आले, असे सांगतात. उत्तर असे : सर्व कवचे एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापून घ्यायची. त्या गोलाची त्रिज्या ७५.२ मीटर ठरली.

घरी संत्रे सोलताना हे पाहता येते. साल काढून तिचे लहानमोठे त्रिकोणी तुकडे करा. एक तुकडा उंच, दुसरा बुटका, तिसरा अरुंद असेल, पण कोणताही तुकडा उचलून दुसऱ्याच्या पाठीवर ठेवला तर तो अचूक बसतो, कारण दोघांचा बाक एकच आहे. गोलाचा हा गुण लंबगोलाला नाही आणि अन्वस्तालाही नाही. सगळीकडे बाक एकच असल्याने एका साच्यातून निघालेला तुकडा कोणत्याही शिडाला चालतो. शीड ज्या वाकलेल्या काँक्रीटच्या पट्ट्यांचे बनते त्या त्याच्या बरगड्या; उंच शिडाची बरगडी म्हणजे बुटक्या शिडाचीच बरगडी, पुढे वाढवलेली. सुताराने तयार केलेला एक साचा पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागला, आणि चार वर्षे न सुटलेला बांधकामाचा प्रश्न कारखान्यात वस्तू घडवण्याइतका सोपा झाला.

या शोधाचे श्रेय उत्झन यांचे की अरुप यांच्या अभियंत्यांचे, यावर अनेक वर्षे वाद घातला गेला आहे. गोलाची कल्पना उत्झन यांची, आणि ती उभी राहील हे सिद्ध करण्याचे श्रम जॅक झुन्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, असे मानणे न्याय्य वाटते. हे मान्य केले पाहिजे की मूळ चित्रातील बसकी, तरंगती शिडे यात गेली; आजची शिडे अधिक उभी आणि अधिक जड आहेत.

मग यांना ‘कवच’ म्हणणे बरोबर आहे का?

रूढ आहे, पण स्थापत्याच्या अर्थाने बरोबर नाही. विजापूरचा गोलघुमट आपला भार चहूबाजूंनी खाली उतरवतो. येथे तसे होत नाही. प्रत्येक शीड म्हणजे खालच्या एका बिंदूपासून फाकत गेलेल्या काँक्रीटच्या बरगड्यांचा समूह आहे, आणि दोन समोरासमोरची अर्धी शिडे वर कण्याच्या तुळईवर एकमेकांना टेकून कमान करतात. आतल्या दालनात उभे राहून वर पाहिले की हे स्पष्ट होते. तेथे गिलावा नाही, रंग नाही. माडाच्या झावळीची पाती जशी एका दांड्यापासून फाकतात, तशा करड्या बरगड्या एका टोकापासून उलगडत डोक्यावरून जातात, आणि ओतीव तुकड्यांमधला प्रत्येक सांधा मोजता येतो.

एवढे जड छत प्रत्यक्षात उभे कसे केले?

छताचे काम १९६३ मध्ये हॉर्निब्रुक या ठेकेदार कंपनीने हाती घेतले. बरगड्यांचे तुकडे जागेवरच साच्यांत ओतले गेले. एकूण २,१९४ तुकडे लागले आणि त्यांपैकी जड तुकड्यांचे वजन १५ टनांपर्यंत होते. बरगडी तळाशी अरुंद आणि भरीव आहे. वर जाताना ती रुंदावते आणि तिला इंग्रजी वाय अक्षरासारखा फाटा फुटतो.

नेहमीच्या पद्धतीने हे करायचे तर आधी संपूर्ण आकाराची परांची उभारावी लागली असती. त्याऐवजी एक पोलादी कमान तयार करण्यात आली, जिची लांबी दुर्बिणीच्या नळीसारखी कमीजास्त करता येई. नुकतीच पुरी झालेली बरगडी एका बाजूला आणि ही कमान दुसऱ्या बाजूला, अशा आधारावर पुढच्या बरगडीचे तुकडे क्रेनने एकेक करून बसवले जात. सांध्यांना गिलावा न लावता इपॉक्सी रेझिन (रासायनिक गोंद) लावले जाई, कारण ते लवकर घट्ट होते. बरगडी वरपर्यंत गेली की आतून ओवलेल्या पोलादी तारा ताणून सगळे तुकडे एकमेकांवर आवळून धरले जात, आणि कमान पुढच्या बरगडीसाठी सरकत असे. संपूर्ण छतात अशा ताणलेल्या तारा ३५० किलोमीटर लांबीच्या आहेत.

तुकडा हवेत लटकत असताना तो नेमका कोठे असायला हवा आणि कोठे आहे, हे रोज मोजावे लागे. पीटर राइस हे तरुण आयरिश अभियंते त्या मोजमापांच्या कामावर होते; पुढे पॅरिसच्या पोंपिदू केंद्राच्या रचनेने ते नावाजले. सर्वांत उंच शिडाचे टोक समुद्रसपाटीपासून ६७ मीटरवर आहे.

छत पांढरेशुभ्र कसे राहते?

ते पांढरेशुभ्र नाही. दुरून तसे दिसते. जवळ गेले की दोन प्रकारच्या फरशा दिसतात : चकचकीत पांढऱ्या आणि त्यांच्या कडेने मळकट सायीच्या रंगाच्या, चमक नसलेल्या. दुसऱ्या प्रकारच्या फरशा जोडांच्या रेषेवर बसवलेल्या असल्याने शिडावर पानाच्या शिरांसारखी नक्षी उमटते आणि डोळ्याला गोलाचा बाक कळतो. सगळ्याच फरशा चकचकीत असत्या तर सिडनीच्या उन्हात पाहवले नसते. सगळ्याच निस्तेज असत्या तर छत मेल्यासारखे दिसले असते. चिनी आणि जपानी मातीच्या भांड्यांवरची लुकण उत्झन यांच्या डोळ्यांपुढे होती. स्वीडनमधील होगानास येथील कारखान्याने ही छटा आणि हा पोत जमवण्यात तीन वर्षे घालवली.

फरशांची संख्या १०,५६,००६ आहे. एवढ्या फरशा उंचावर वाकड्या पृष्ठभागावर एकेक चिकटवणे अशक्यच होते. जमिनीवर साच्यात फरशा पालथ्या मांडायच्या, पाठीमागून काँक्रीट ओतायचे आणि तयार झालेले पाखे उचलून बरगड्यांना बोल्टने आवळायचे, अशी पद्धत ठरली. असे ४,००० हून अधिक पाखे आहेत. येथेही गोलच कामी आला, कारण पाख्यांचा बाक सर्वत्र सारखा होता.

उत्झन मध्येच सोडून का गेले?

१९६५ च्या निवडणुकीत सरकार बदलले. रॉबर्ट ॲस्किन मुख्यमंत्री झाले आणि डेव्हिस ह्यूज यांच्याकडे सार्वजनिक बांधकाम खाते आले. खर्च आणि विलंब हे निवडणुकीतले मुद्दे होते. ह्यूज यांनी वेळापत्रक आणि खर्चाचे तपशील मागितले, हे मंत्र्याचे कर्तव्यच होते. परंतु देयके हातात धरून वास्तुविशारदाला नमवण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. सभागृहांच्या छतासाठी आणि भिंतींसाठी उत्झन यांना प्लायवूडच्या मोठ्या पोकळ तुळया वापरायच्या होत्या, आणि त्यासाठी पूर्ण आकाराचे नमुने करून पाहायचे होते. त्या नमुन्यांना मंजुरी मिळेना. मानधन थकले. अरुप यांच्या कार्यालयाशीही त्या प्लायवूडवरून मतभेद झाले होते. २८ फेब्रुवारी १९६६ रोजी उत्झन यांनी राजीनामा दिला, आणि थोड्याच दिवसांत सुमारे हजारभर लोकांनी त्यांना परत बोलवावे म्हणून रस्त्यावर मोर्चा काढला. सरकार बधले नाही. एप्रिलमध्ये उत्झन कुटुंबासह देश सोडून गेले आणि पुन्हा कधी आले नाहीत.

खर्च त्यांच्यामुळे वाढला, असे अजूनही म्हटले जाते. ते गेले तेव्हा सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर खर्च झाले होते. उरलेले जवळजवळ ८ कोटी त्यांच्यानंतर लागले.

आतली सभागृहे कोणी पूर्ण केली?

पीटर हॉल यांनी, लायोनेल टॉड आणि डेव्हिड लिटलमोर यांच्या साथीने. हॉल तेव्हा पस्तिशीत होते आणि उत्झन यांना परत बोलवावे या मागणीच्या पत्रावर त्यांनी स्वतः सही केलेली होती. काम स्वीकारण्यापूर्वी त्यांनी उत्झन यांना दूरध्वनीही केला होता. त्यांच्याच पेशातील अनेकांनी त्यांना क्षमा केली नाही, आणि बाहेरचे सौंदर्य उत्झन यांचे, आतल्या सगळ्या उणिवा हॉल यांच्या, अशी सोयीची वाटणी रूढ झाली. ती अन्यायाची आहे.

हॉल यांच्या हाती जे आले ते असे होते : उभे राहिलेले छत, बदलता न येणारा चौथरा, आणि आत काय बसवायचे याचा वाद. मोठ्या सभागृहात वाद्यवृंद आणि ऑपेरा दोन्ही व्हावेत अशी मूळ अट होती. वाद्यवृंदाला आवाज सुमारे दोन सेकंद रेंगाळायला हवा असतो. ऑपेरात शब्द स्पष्ट कळायला हवेत, म्हणून तो लवकर विरायला हवा. शिवाय आसनांची मागणी २,८०० ची होती, आणि शिडाखाली तेवढी जागा नव्हती. अखेर १९६७ मध्ये मोठे सभागृह केवळ संगीतासाठी ठेवण्याचा निर्णय झाला. रंगमंचाची आधीच बसवलेली अवजड यंत्रसामग्री काढून टाकण्यात आली आणि ऑपेरा लहान सभागृहात गेला. तेथे विंग तुटपुंजी होती आणि वादकांचा खड्डा अरुंद. वादकांपैकी काहींना रंगमंचाच्या पुढे आलेल्या भागाखाली बसावे लागे.

कॉन्सर्ट हॉलमधील पांढऱ्या बर्च लाकडाचे छत आणि पाण्याकडच्या काचेच्या भिंती हे हॉल यांचे काम आहे. काचेचा पडदा शिडाच्या वक्र कडेपासून चौथऱ्यापर्यंत तिरपा उतरतो; त्यात सुमारे २,००० तावदाने असून तीही शेकडो निरनिराळ्या मापांची आहेत.

कॉन्सर्ट हॉलमधील आवाजाबद्दल तक्रारी का होत्या, आणि त्यांचे पुढे काय झाले?

छत रंगमंचाच्या २५ मीटर वर आहे. वादकाने छेडलेला सूर वर जाऊन परत येईपर्यंत उशीर होतो, त्यामुळे व्यासपीठावरील वादकांना एकमेकांचे वादन नीट ऐकू येत नसे. यावर उपाय म्हणून वर पारदर्शक ॲक्रिलिकची मोठी कडी टांगली होती, पण मध्ये भोक असलेल्या कड्यांनी फार थोडा आवाज परतत असे.

२०२० मध्ये सभागृह बंद करून मोठे नूतनीकरण करण्यात आले आणि जुलै २०२२ मध्ये ते पुन्हा उघडले. कड्यांच्या जागी १८ गुलाबी-जांभळ्या पाकळ्या आल्या, ज्या हव्या त्या उंचीवर आणता येतात. रंगमंचाभोवतीच्या लाकडी भिंतींना लाटांसारख्या खाचा दिल्या, म्हणजे आवाज एकाच दिशेला न परतता विखुरतो. हॉल यांच्या लाकडी छताला आणि शिडांना धक्का न लावता हे साधले, हे विशेष.

इमारत थंड कशी ठेवली जाते?

बंदराच्या पाण्याने. समुद्राचे पाणी आत घेऊन त्याच्या आधारे वातानुकूलन चालते, आणि त्यासाठी सुमारे ३५ किलोमीटर लांबीच्या नळ्या फिरवल्या आहेत. यामुळे छतावर थंडाव्याचे मनोरे उभारावे लागले नाहीत, आणि अशा छतावर ते ठेवायचे तरी कोठे?

येथे पहिला कार्यक्रम कोणता झाला?

औपचारिक उत्तर असे की २८ सप्टेंबर १९७३ रोजी प्रोकोफिएव्ह यांचा ‘वॉर अँड पीस’ हा ऑपेरा झाला आणि २० ऑक्टोबर रोजी राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांच्या हस्ते उद्घाटन झाले. परंतु त्याआधी तेरा वर्षे, नोव्हेंबर १९६० मध्ये, अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायक पॉल रॉबसन बांधकामावर आले होते. छत नव्हते, भिंती नव्हत्या. शिरस्त्राणे घातलेले कामगार परांच्यांवर आणि काँक्रीटच्या कडांवर बसले, आणि रॉबसन दुपारच्या जेवणाच्या वेळी त्यांच्यासाठी गायले. जे बांधत होते त्यांनाच पहिला कार्यक्रम ऐकायला मिळाला, हे या वास्तूच्या इतिहासातील मला सर्वांत प्रिय पान आहे.

उत्झन यांनी पूर्ण झालेली इमारत पाहिली का?

कधीच नाही. मात्र दुरावा संपला. १९९९ मध्ये त्यांनी ऑपेरा हाउसचे सल्लागार होण्याचे मान्य केले आणि पुढील बदलांना दिशा देणारी रचनेची तत्त्वे लिहून दिली. त्यांचे पुत्र यान उत्झन यांनी सिडनीत त्यांचे प्रतिनिधित्व केले. २००४ मध्ये त्यांनी रचलेले ‘उत्झन रूम’ खुले झाले. अंतर्भागातील त्यांच्या हातची ही पहिली खोली असून तिच्या भिंतीवर त्यांनीच रेखलेले मोठे विणकामाचे चित्र आहे. २००६ मध्ये पश्चिमेच्या बाजूला त्यांची खांबांची ओसरी आली आणि नाट्यगृहांच्या बंदिस्त दालनांतून प्रथमच पाणी दिसू लागले. २००३ मध्ये त्यांना वास्तुकलेतील सर्वोच्च मानले जाणारे प्रित्झकर पारितोषिक मिळाले, २००७ मध्ये इमारत जागतिक वारशाच्या यादीत गेली, आणि २९ नोव्हेंबर २००८ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

खाऱ्या वाऱ्यात हे काँक्रीट टिकते कसे? त्याची निगा कशी राखतात?

समुद्रकाठच्या काँक्रीटचा खरा शत्रू म्हणजे मीठ. ते बारीक छिद्रांतून आत शिरते, पोलाद गंजवते, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. येथे फरशांचे आवरण पावसापाण्यापासून मोठे संरक्षण देते, परंतु फरशी आणि तिच्यामागचे काँक्रीट यांची पकड सुटली तर ते वरून दिसत नाही.

म्हणून तपासनीस दोरांना लटकून शिडांवर उतरतात आणि छोट्या हातोडीने फरशांवर टकटक करत जातात. बाजारात मडके घेताना बोटाने वाजवून पाहतात, तसेच हे आहे. पकड घट्ट असेल तर खणखणीत आवाज येतो, आत पोकळी असेल तर बद्द येतो. अलीकडे हातोडीला आवाज नोंदवणारी यंत्रणाही जोडली गेली आहे, म्हणजे तपासनिसाच्या कानावरच सारा भरवसा राहत नाही. बद्द वाजलेल्या जागेची नोंद होते, आणि तो पाखा पुढच्या दुरुस्तीच्या यादीत जातो.